लॅपटॉप पाहावा उलटा करून

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, एक अरुंद जिना चढून गेलं की लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतभर मेलेले लॅपटॉप. २०२५ च्या डिसेंबरात तिथे माझा नंबर यायची वाट बघत बसले होते तेव्हा लक्षात आलं, की आलेलं प्रत्येक मशीन हा माणूस आधी पालथं घालतो. झाकणावरचं नाव बघत नाही, चालू करून बघत नाही. स्पंजच्या तुकड्यावर उलटं ठेवतो, स्क्रूंवरून बोट फिरवतो आणि "हं" म्हणतो. त्या "हं"च्या सुरावरून गिऱ्हाइकाने खर्चाचा अंदाज बांधायचा.

माझ्या मशीनच्या वाट्याला लांबलचक "हं" आला. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललं गेलं होतं. "पापडासारखा फुगलाय ताई. चार्जिंगला लावू नका हो आता," एवढं बोलून त्याने बुडाच्या रबरी पट्ट्या नखाने सोलायला सुरुवात केली. निम्मे स्क्रू त्या पट्ट्यांच्या खाली लपवलेले होते. पट्टी एकदा सोलली की पुन्हा नीट चिकटत नाही, हे तिथेच कळलं. सहा वर्षांत मी तो लॅपटॉप एकदाही उलटा केला नव्हता. चंदेरी, पातळ, शनिवारच्या सेलमध्ये घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असता तरी मी तो तितक्याच बावळटपणे घेतला असता.

"चांगली कंपनी कुठली हो?" मी विचारलं. सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने विचारावा असा हा प्रश्न नव्हे, पण सुटला तोंडून.

"कंपनी नका विचारू. मॉडेल सांगा, मग सांगतो."

"आणि दुकानात घेताना कसं कळायचं?"

"उलटा करून बघायचा," तो म्हणाला, आणि माझ्या बॅटरीखाली हळूच प्लास्टिकची पट्टी सरकवू लागला.

माझी पंचाईत वेगळीच होती. २००८ साली नोकरीला लागले तेव्हापासून कामाचा प्रत्येक लॅपटॉप मला कंपनीने दिलेला. ऑक्टोबरात नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायचं ठरवलं आणि शेवटच्या दिवशी आयटीच्या मुलाने लॅपटॉप परत घेतला. ॲसेट टॅगचा नंबर ताडून पाहिला, चार्जरची पिन बघितली, झाकणावरचे ओरखडे बघितले, सही घेतली. भाड्याचं घर सोडताना मालक भिंतीतले खिळे मोजतो तसं. बाहेर आले तेव्हा पाठीवरची सॅक इतकी हलकी होती की मी दोनदा मागे हात लावून पाहिला.

सुताराला पटाशी आणि धार लावायचा दगड स्वतःचा लागतो. मी सतरा वर्षं दुसऱ्याच्या पटाशीवर काम केलं होतं, आणि वर त्याच काळात अख्ख्या नात्यागोत्याला पटाश्या निवडून दिल्या होत्या. "अगं, आमच्या चिरंजीवांना लॅपटॉप घ्यायचाय" असा फोन आला की माझी रामरक्षा सुरू : आय-फाइव्ह प्रोसेसर, सोळा जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी डिस्क, एवढं बघा, बाकी काही बघू नका. निवड म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. आता पैसे माझे होते, आणि रामरक्षा म्हणून भागण्यासारखं नव्हतं.

कंपनी विचारू नका, हे त्याचं म्हणणं मला आधी फटकळ वाटलं, नंतर पटलं. जगातले बहुतेक लॅपटॉप ज्या नावाने विकले जातात त्या कंपनीने बनवलेले नसतात. क्वांटा, कंपाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक अशी तैवानी नावं घरात कुणी उच्चारत नाही, पण एकमेकींशी भांडणाऱ्या ब्रँडांची मशिनं त्यांच्याच कारखान्यांतून निघतात. झाकणावरचं नाव हे आडनाव. एका आडनावाखाली चुलत भावंडं किती वेगळी निघतात हे आपल्याला सांगायला नको. थिंकपॅड आणि आयडियापॅड लेनोव्होच्या एकाच घरातले, पण एक ऑफिसात सहा-सात वर्षं राबायला जन्माला घातलेला आणि दुसरा सेलच्या शनिवारासाठी. तेच डेलच्या लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉनचं, तेच एचपीच्या एलिटबुक आणि पॅव्हिलियनचं. २०२५ च्या जानेवारीत डेलने असली नावं मोडीत काढून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी मांडणी केली. म्हणजे आता आडनाव आणि नाव एकच. हाक कुणाला मारली हे कळायला मार्ग नाही.

आणि नाव बरोबर असलं तरी शेपूट बघावं लागतं. थिंकपॅड टी १४ ची पाचवी पिढी, २०२४ ची, घेतली तर आत रॅमचे दोन स्लॉट, म्हणजे पट्टी खोवून रॅम वाढवायची सोय. टी १४ एस घेतला तर रॅम बोर्डावर कायमची डकवलेली. एका "एस"चा फरक. दुकानात कोणी सांगत नाही. उलट "एस" पातळ आणि हलका म्हणून तोच पुढे करतात.

मॉलमधल्या एका शोरूममध्ये मी तो प्रयोग करून पाहिला. काळा टीशर्ट घातलेला गोड मुलगा होता. मशीन तारेने बांधलेलं. मी म्हटलं, जरा उलटा कराल का? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या वरिष्ठाकडे. "मॅडम, खाली काही नसतं." तरी मी मान वाकवून, वाण्याच्या दुकानात डब्याच्या तळाची तारीख शोधावी तसं खालून बघितलं. स्क्रू दिसत होते, साधे फुलीचे. रबरी पट्टी अखंड होती, तिच्याखाली काय आहे ते देव जाणे. मुलाने तेवढ्यात पडदा किती रंग दाखवतो ते सांगायला घेतलं. मी दिवसभर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी-पांढरी अक्षरं बघते हो, असं सांगायचं तोंडावर आलं होतं.

या सगळ्यात मी एका गोष्टीला कमी लेखत होते : हात. मेंदू तक्ते बनवत होता, किमती मांडत होता, आणि बोटांनी आपला निर्णय केव्हाच घेतलेला होता.

माझा पहिला कंपनीचा लॅपटॉप काळा होता, की-बोर्डच्या मधोमध लाल ठिपका असलेला. थिंकपॅड टी ६१. कर्वेनगरच्या पेइंग गेस्ट खोलीत आम्ही तिघी राहायचो. रात्री प्रॉडक्शनवर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चालू सिस्टिमवर, काही बिघडलं की बाकीच्या दोघी झोपलेल्या असताना काम करावं लागे. त्या लॅपटॉपच्या झाकणात, पडद्याच्या वर, एक बारीकसा दिवा होता; दोन बटणं दाबली की त्याचा उजेड थेट की-बोर्डवर पडायचा. थिंकलाइट म्हणत त्याला. पुढे खालून उजळणाऱ्या की आल्या आणि तो दिवा गेला. त्या खोलीत मी जे काही शिकले ते त्या दिव्याखाली शिकले, गावाकडे आजोबा कंदिलाखाली हिशेबाच्या वह्या लिहीत तसं. भावुक होतेय हे कळतंय, पण लॅपटॉपबद्दल भावुक न होणारा प्रोग्रामर मला अजून भेटायचा आहे.

त्या लाल ठिपक्याची गोष्ट मला फार नंतर कळली. टेड सेल्कर नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये एका अभ्यासाचा आधार घेतला होता, की हात की-बोर्डवरून उचलून माउसवर न्यायला पाऊण सेकंद जातो आणि परत आणायला जवळपास तेवढाच. तो वाचवायचा तर माउसच की-बोर्डात आणायला हवा. त्यातून जी, एच आणि बी या अक्षरांच्या मधला तो खुंट जन्मला आणि १९९२ साली आयबीएमच्या पहिल्या थिंकपॅडबरोबर बाजारात आला. पेटीचं डिझाइन रिशार्ड झापर या जर्मन माणसाचं, कल्पना जपानी बेंटो डब्याची : बाहेरून साधी काळी पेटी, उघडल्यावर आत काय ते. आपल्याकडे कुणी केलं असतं तर मिसळणाच्या डब्यावरून केलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त शोभलं असतं. चमचा आतच असतो. २००५ मध्ये आयबीएमने हा सगळा धंदा लेनोव्होला विकला. तेव्हा आता थिंकपॅड संपला म्हणून हळहळणारे सिनिअर मला पुढे नोकरीत भेटले, आणि ते हळहळत होते थिंकपॅडवरच.

त्या की-बोर्डाने मला एक खोड लावली. खालच्या डाव्या कोपऱ्यात बहुतेक लॅपटॉपवर कंट्रोल असतो, तिथे थिंकपॅडवर एफएन (फंक्शनची की) असायचा आणि कंट्रोल त्याच्या शेजारी. पहिले दोन महिने मी कॉपी करायला जायचे आणि काहीच व्हायचं नाही. मग करंगळीने शिकून घेतलं, आणि एकदा शिकलेलं करंगळी विसरत नाही. पुढच्या मॉडेलांवर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन दोन्ही कींची अदलाबदल करता येते, पण तोवर मला ती चूकच बरोबर वाटायला लागली होती.

की-बोर्ड बिघडला की प्रोग्रामरचं काय होतं याचा धडा ॲपलने जगाला जाहीरपणे दिला. २०१५ मध्ये त्यांनी बटरफ्लाय नावाची अतिपातळ की आणली; धुळीचा कण शिरला की अक्षर उमटायचं नाही, नाहीतर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्यातच २०१६ च्या मॅकबुक प्रोवरून एस्केपची खरी की काढून तिथे स्पर्शाची पट्टी बसवली होती. व्हिम हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी एस्केप म्हणजे दर मिनिटाला लागणारं दार. घराला उंबरा ठेवला, दाराचं मात्र चित्र काढलं, असला प्रकार. २०१९ च्या अखेरीला सोळा इंची मॉडेलवर एस्केपही परत आली आणि जुन्या पद्धतीच्या कीसुद्धा. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला करंगळीपुढे नमावं लागलं याचा मला आजही बारीकसा आनंद होतो.

पण मग २०२० चा नोव्हेंबर आला, आणि इथे माझ्या थिंकपॅडप्रेमी मित्रांची तोंडं जरा वाकडी होतात. ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली. टीममधल्या एकाने ती घेतली आणि व्हिडिओ कॉलवर आमचाच प्रकल्प बिल्ड करून, म्हणजे कोडवरून चालता प्रोग्राम बांधून, दाखवला. माझ्याकडे तेच काम सुरू करून मी चहा ठेवायचे, गाळायचे, प्यायचे. त्याचं काम आधण येण्याच्या आत झालं. वर त्या एअरमध्ये पंखाच नाही. माझा लॅपटॉप त्या दिवसांत विमानतळासारखा आवाज करायचा. सुरुवातीला अडचणी होत्या, नाही असं नाही : डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात, कंटेनरात, बंद करून चालवायचं साधन; त्याच्या बऱ्याच इमेज, म्हणजे तयार डबे, इंटेलच्या ढंगाच्या चिपसाठीच बांधलेल्या असत, आणि ॲपलच्या एआरएम जातीच्या चिपवर त्या चालवायला गेलं की "एक्झेक फॉरमॅट एरर" तरी यायची, नाहीतर दुभाष्यामार्फत बोलल्यासारखं सगळं रखडायचं. दोन-तीन वर्षांत तेही बरंचसं निवळलं. २०२२ मध्ये मलाही कंपनीने मॅकबुक दिलं आणि मी गुरुवारला भ्यायचं सोडून दिलं.

गुरुवारचं पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जायची ती गुरुवारी; सकाळी नऊला गेली की कधी बाराला येते, कधी चारला. राउटर इन्व्हर्टरवर ढकलता येतो. लॅपटॉपला मात्र स्वतःच्या पोटातल्या बॅटरीवर दिवस काढावा लागतो. मॅकबुकने तो काढला, आणि वर संध्याकाळी उरलासुरला चार्ज दाखवून वाकुल्याही दाखवल्या.

तरी मी मॅकबुक घेतलं नाही. का, हे माझ्या नवऱ्याला अजून नीटसं पटलेलं नाही, म्हणून इथे जरा सविस्तर मांडते.

मॅकबुक उलटं केलं की पाच पाकळ्यांचे स्क्रू दिसतात; घरातला कुठलाही पेचकस त्यांना लागत नाही. लागला तरी आत रॅमला हात लावता येत नाही, कारण ती चिपच्याच घरात राहते. यात नुसती लबाडी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी एकच मेमरी वापरायची, ती चिपला चिकटून ठेवायची, मधलं अंतर कमी, म्हणून वेग जास्त आणि वीज कमी. आधण येण्याच्या आत बिल्ड होतो त्यात या शेजाराचाही वाटा आहे. पण या शेजाराचं भाडं! २०२५ मध्ये भारतात मॅकबुकवर रॅमची पुढची पायरी चढायची तर वीस हजार रुपये मोजावे लागत, आणि ती पायरी विकत घेतानाच चढायची. आज आठ-दहा कंटेनर चालवणारी मी तीन वर्षांनी काय चालवीन हे आज ठरवायचं. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत तर सुरुवातच आठ जीबीने होत होती. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण मला तेव्हा शब्दशः आठवली होती, कारण रॅम बोर्डाला डकवतात ते कथीलच. कल्हईवाला भांड्याला लावतो, तेच.

डकवलेली रॅम फक्त ॲपलकडेच असते असं मुळीच नाही. माझ्या त्या चंदेरी, फुगलेल्या मशीनमध्येही आठ जीबी अशीच कथलाने बांधलेली होती, आणि तिच्यात ना एम१चा वेग होता ना गुरुवार काढायची ताकद. मोबदला काहीच न देता बांधून ठेवणं, याला काय म्हणावं?

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचंही होतं. माझं सगळं काम शेवटी कुठल्यातरी लिनक्स सर्व्हरवर जाऊन बसतं, त्यामुळे हाताखालीही तेच असलं की बरं वाटतं. हे मॅकवर जमतच नाही असं नाही. खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, २०२२ च्या जुलैअखेरीस लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती एआरएमवाल्या ॲपल लॅपटॉपवरून जाहीर केली होती, ॲपलच्या चिपसाठी केलेल्या "असाही" नावाच्या लिनक्सच्या जोरावर. डेलने २०१२ मध्ये "स्पुटनिक" नावाच्या प्रकल्पातून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेले लॅपटॉप खास प्रोग्रामरांसाठी विकायला सुरुवात केली. विंडोजमध्येही आता लिनक्स नांदतं. पण टोरवाल्ड्सला जे रविवारी दुपारी गंमत म्हणून जमतं ते मला सोमवारी सकाळी क्लायंट समोर बसलेला असताना जमलं पाहिजे. माझी अट साधी होती : झाकण मिटून सॅकमध्ये टाकला की झोपायला हवा. एका जुन्या मशीनने मला यात दगा दिला होता. स्वारगेटला बसमध्ये चढताना मिटलेला लॅपटॉप साताऱ्याला उतरेपर्यंत सॅकच्या आत जागाच राहिला. उतरले तेव्हा पाठ शेकून निघाली होती आणि बॅटरी शून्य.

पुन्हा तपकीर गल्ली. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा दुकानदाराने टेबलाखालून एक काळा लॅपटॉप काढला आणि काही न बोलता माझ्यासमोर उलटा ठेवला. थिंकपॅड टी ४८०, २०१८ चा. कुठल्यातरी कंपनीने एकदम शे-दोनशे विकून टाकले की हे "लॉट" गल्लीत येतात. खाली दोन खटके. ते सरकवले की बॅटरी हातात. आणि ती काढली तरी लॅपटॉप बंद पडत नाही, कारण आत आणखी एक बॅटरी आहे. चालत्या बैलगाडीचा बैल बदलावा तसं. रॅमचे दोन स्लॉट उघडे. त्यातला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या उंबरठ्यावर जेमतेम आत बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि या टी ४८० च्या आदल्या वर्षीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप केवळ सातव्या पिढीचे म्हणून भंगाराच्या भावात गेले. हा एका पिढीने वाचला.

"याला मरण नाही," दुकानदार म्हणाला. मला मोह झाला. पण चार गाभ्यांच्या त्या प्रोसेसरवर माझं रोजचं गाठोडं टाकणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर सिलिंडर चढवायला लावण्यासारखं. मी तो घेतला, पण भाच्यासाठी. तो कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला लाल-निळे दिवे लुकलुकणारा गेमिंग लॅपटॉप हवा होता. ज्याचा नुसता चार्जरच विटेएवढा असतो. काळी पेटी उघडून त्याने मला फोन केला.

"मावशी, हा बँकेतला लॅपटॉप वाटतोय गं."

"बँकेतलाच असेल. उलटा कर आणि खटका सरकव."

थोडा वेळ शांतता. मग नुसता "आयला!" असा आवाज आला. त्यानंतर रंगाबद्दल तक्रार नाही.

माझ्यासाठी मी शेवटी पाचव्या पिढीचा टी १४ घेतला, "एस" नसलेला. आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्यांनी त्या पिढीला दहापैकी नऊ गुण दिले होते, आणि लेनोव्होने ती बनवताना त्यांना बरोबर घेतलं होतं म्हणे. गुणांपेक्षा मला दुसरी एक गोष्ट आवडली. थिंकपॅडची देखभालीची पुस्तिका कोणीही उतरवून घेऊ शकतं. कुठला स्क्रू कुठला, आधी काय काढायचं, मग काय, सगळं चित्रांसकट. सोळा जीबीची एकच पट्टी बसवून घेतली, दुसरा स्लॉट रिकामा. म्हटलं, स्वस्त झाली की घालू.

स्वस्त! त्याच डिसेंबरात रॅमचे भाव सुटले होते. जगाला मेमरी पुरवणाऱ्या कंपन्या मुख्य अशा तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांचा माल एआयच्या डेटासेंटरांकडे वळला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला जाहीरच केलं, की आपला क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करतोय. मी इतकी वर्षं क्रुशलचीच पट्टी घ्या म्हणून लोकांना सांगत आले होते. "सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी धरू नका ताई," दुकानदार म्हणाला, "सोन्यासारखं झालंय." मग त्याने कपाटातून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला. आत मेलेल्या लॅपटॉपांतून काढलेल्या रॅमच्या पट्ट्या, पुड्यांमध्ये नीट बांधून, वर पेनाने साल आणि माप लिहून. त्यातली सोळा जीबीची एक डीडीआर ५ पट्टी त्याने मला दिली. ज्यातून काढली त्या मशीनवर कुणीतरी उसाचा रस सांडला होता. रस बोर्डाला लागला, पट्टी वाचली. नव्याच्या निम्म्याहून कमी पैसे घेतले आणि जिना उतरताना वरून ओरडून सांगितलं, "पहिल्यांदा पडदा काळा राहील, घाबरू नका!"

रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर सतरंजीची घडी घातली, भाच्याला व्हिडिओ कॉलवर साक्षीला घेतलं. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद केली. लॅपटॉप उलटा केला. स्क्रू सैल केले. ते सुटून हातात येत नाहीत, झाकणालाच धरून राहतात, म्हणजे हरवायची सोय नाही. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड फटीत घालून कडेने फिरवलं, टक् टक् करत बूड सुटलं. सतरा वर्षं जिच्यावर पोट भरलं ती वस्तू आतून मी पहिल्यांदा नीट बघत होते. पट्टी तिरकी धरून खोवली, दाबली, दोन्ही बाजूंचे खटके बसले. बूड लावलं, सरळ केला, चार्जर लावला, बटण दाबलं.

काहीच नाही. बटणावरचा दिवा पेटलेला आणि पडदा काळाकुट्ट.

"मावशी, बिघडवलास का तू?"

"थांब रे. नवीन मेमरी दिसली की आधी तिची ओळख करून घेतो तो. वेळ लागतो पहिल्यांदा." हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं, दुकानदाराने सांगितलंही होतं. तरी नवरा आतल्या खोलीतून "काय झालं?" म्हणाला तेव्हा मी त्याला उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरात नळ टिपटिपत होता तो मोजत बसले.

मग पडदा उजळला. टर्मिनल उघडून मेमरी विचारली. एकतीस आणि काही, म्हणजे बत्तीसच. थोडी तो स्वतःपाशी ठेवून घेतो. भाच्याने तिकडे टाळ्या वाजवल्या. त्याला पाठवायला म्हणून तो आकडा कॉपी करायला गेले आणि काहीच झालं नाही. परत केलं, परत काही नाही. मग खाली बघितलं. २०२४ च्या मॉडेलांपासून थिंकपॅडनेही जगाचं ऐकून कंट्रोल कोपऱ्यात नेलाय आणि एफएन आत घेतलाय. माझी करंगळी आपली इमानाने जुन्याच जागी.